दोनशे यार्डांचा नियम: शिकाऱ्याने गाडीपासून किती लांब जावं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे भागाचा मजकूर इथे देतोय. बोलताना झालेल्या ‘अं’ आणि ‘म्हणजे’ यांची थोडी छाटणी केली आहे, बाकी सगळं तसंच.

आजचा प्रश्न ऐकायला अगदी साधा आहे. समजा साल १९२८. तुम्ही पूर्व आफ्रिकेच्या गवताळ माळरानावर आहात. बुडाखाली फोर्ड गाडी, हातात रायफल, आणि चाळीस पावलांवर एक सिंह बाभळीच्या सावलीत लोळतोय. तो तुमच्याकडे बघतो, जांभई देतो आणि परत मान टाकतो. त्याला गाडीचं काहीच वाटत नाही. आता गोळी झाडायची का? की खाली उतरायचं, गाडी मागे सोडायची आणि चालायला लागायचं? चालायचं तर किती?

हा काही फावल्या वेळातला प्रश्न नव्हता. यावरून वर्तमानपत्रांत भांडणं झाली, कायदे झाले, आंतरराष्ट्रीय करार झाला. आणि आपल्याकडे, भारतात, या प्रश्नाचं उत्तर वेळेवर न मिळाल्याच्या काळात एक आख्खा प्राणी संपला. तर चला, सुरुवातीपासून बघू.

जेव्हा सगळेच चालत होते

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेतला. अर्थ प्रवास. तो तिथे आला अरबी ‘सफर’वरून, आणि तोच ‘सफर’ आपल्याकडे फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आला. म्हणजे आपण सहलीला ‘सफर’ म्हणतो आणि ताडोबाला जातो तेव्हा ‘सफारी’ म्हणतो, ते एकाच घरातले दोन भाऊ आहेत. मुद्दा असा की या शब्दात मुळात गाडी नाही, बंदूक नाही. फक्त वाटचाल आहे.

आणि ती वाटचाल खरोखर पायीच होती. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची गोष्ट घ्या. पदावरून उतरल्यावर काही आठवड्यांतच ते निघाले आणि एप्रिल १९०९ मध्ये मोंबासाला पोचले. तिथून आगगाडीने आत गेले. ही युगांडा रेल्वे. ती बांधायला हिंदुस्थानातून ३० हजारांहून जास्त मजूर नेले होते, त्यांच्या घामावर हा लोहमार्ग उभा राहिला. रूझवेल्टसाहेब इंजिनाच्या अगदी पुढे, जनावरं बाजूला सारायच्या जाळीवर बसवलेल्या बाकावर बसून दोन्ही बाजूंचे प्राणी बघत गेले.

पण रेल्वे संपली की पाय सुरू. त्यांच्या मोहिमेत दोनशेहून जास्त हमाल होते. एका हमालाच्या डोक्यावर साधारण ६० पौंड, म्हणजे २७ किलो ओझं. तंबू, पेट्या, पुस्तकं, औषधं, आणि कातडी टिकवण्यासाठी तब्बल चार टन मीठ! मोहीम स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयासाठी होती, म्हणून हे सगळं. रूझवेल्ट आणि त्यांचा मुलगा कर्मिट यांनी मिळून ५१२ जनावरं मारली. आज आकडा ऐकून गरगरतं, पण आपला विषय वेगळा आहे.

विषय असा की त्या काळात शिकारी छावणीपासून किती लांब जायचा, हे ठरवणारा कुठलाच कायदा लागत नव्हता. ते ठरवायचं पाणी, ऊन आणि हमालांचे खांदे. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी छावणीत परत यायला हवा. मोठं जनावर पडलं, तर ते जागेवर कापून, कातडं सोलून, मांस नासायच्या आत तंबूपर्यंत आणायला हवं. विषुववृत्ताजवळच्या उन्हात मांस काही तासांत खराब व्हायला लागतं. म्हणजे घोड्यावरून तुम्ही कितीही लांब जा हो, पण मारलेलं ओझं पायीच परत यायचं. लांब जाण्याची किंमत होती, आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी, डोक्यावर ओझं घेऊन, मोजत होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

हाडझांचं उत्तर

हाच प्रश्न तिथल्या मूळच्या शिकाऱ्यांना विचारला तर? टांझानियात एयासी सरोवराच्या आसपास हाडझा नावाचे लोक राहतात. सेरेंगेटीपासून फार लांब नाही. त्यांच्यातले काही जण आजही धनुष्यबाणाने शिकार करून, कंदमुळं आणि मध गोळा करून जगतात. संशोधकांनी त्यांना जीपीएस यंत्रं देऊन त्यांचं चालणं मोजलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुरुषांचं रोजचं चालणं सरासरी ११ किलोमीटरच्या थोडं वर निघालं, बायकांचं ६ किलोमीटरच्या आत.

११ किलोमीटर म्हणजे पुण्यात स्वारगेटहून कात्रजला जाऊन जवळपास परत यायचं. रोज. सुट्टी नाही, स्टेप काउंटर नाही.

पण मजा पुढे आहे. हाडझांनी जिराफासारखं फार मोठं जनावर मारलं, तर कधी कधी ते मांस छावणीत आणतच नाहीत. छावणीच उठून मांसाकडे जाते! बायका, मुलं, म्हातारी माणसं सगळी तिकडे. आपण विचारतोय ‘छावणीपासून किती लांब?’ आणि ते म्हणतात, छावणी काय, उचलली की निघाली. त्यांच्यासाठी हे अंतर पोटाचं गणित आहे, शौर्याचं नाही.

आणि मग फोर्ड आली

आता गाडी आणू. हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ साली बाजारात आली. सुरुवातीची किंमत साडेआठशे डॉलर. १९२०च्या दशकाच्या मध्यात तीच तीनशे डॉलरच्या खाली उतरली. उंच, हलकी, दुरुस्तीला सोपी. पूर्व आफ्रिकेत लोक अशा गाड्यांवर लाकडी खोक्यासारखी बॉडी बसवून घ्यायचे आणि त्यात तंबू, पाणी, पेट्रोल, बंदुका भरून निघायचे.

कोरड्या ऋतूत सेरेंगेटीला रस्त्याची गरजच नव्हती. क्षितिजापर्यंत सपाट गवत. १९१३ मध्ये स्ट्यूअर्ट एडवर्ड व्हाइट हा अमेरिकी शिकारी-लेखक नैरोबीकडून पायी चालत तिथे पोचला होता. ज्या वाटेला हमालांची रांग घेऊन कित्येक दिवस लागायचे, ती आता गाडीने फारच लवकर संपायला लागली. आणि परत येताना ओझ्याची चिंता नाही. कातडी मागे टाका आणि चला.

इथपर्यंत फक्त सोय झाली. खरा घोटाळा प्राण्यांच्या डोक्यात होता.

रानातलं जनावर माणसाला कशावरून ओळखतं? दोन पायांवर उभी असलेली आकृती, अंगाचा वास, आवाज, आणि सरळ आपल्याकडे चालत येण्याची ती पद्धत. हजारो वर्षांच्या अनुभवातून हे धोक्याचं चित्र पक्कं झालंय. पायी माणूस दिसला की ते ठराविक अंतरावरून उठतं आणि निघून जातं. गाडी या चित्रात बसतच नाही. मोठं, चौकोनी, पेट्रोलचा वास येणारं हे धूड म्हणजे नक्की काय, हे सिंहाला कळत नव्हतं. त्याच्या आजीने त्याला सांगितलं नव्हतं ना! म्हणून तो पडून राहायचा. चाळीस पावलांवर, कधी त्याहूनही जवळ.

ज्या सिंहापर्यंत पायी पोचायला जीव मुठीत धरून गवतातून जावं लागायचं, तो आता खुर्चीत बसून मारता येत होता. पैसेवाले पाहुणे यायला लागले. काहींना एक सिंह पुरेना.

फिंच हॅटनची पत्रं

यावर आवाज उठवला तो एका शिकाऱ्यानेच. नाव डेनिस फिंच हॅटन. ‘आउट ऑफ आफ्रिका’ हा १९८५ चा सिनेमा ज्यांनी पाहिलाय त्यांना रॉबर्ट रेडफर्डने केलेली भूमिका आठवेल. तोच हा. इंग्रज उमराव घराण्यातला, कॅरन ब्लिक्सनचा मित्र, आणि श्रीमंत पाहुण्यांना शिकारीला नेणारा धंदेवाईक शिकारी. १९२८ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सची सफारी त्यानेच सांभाळली होती. म्हणजे हा काही शिकारविरोधी माणूस नव्हे. त्याची भाकरीच त्यावर होती.

१९२८-२९ च्या सुमाराला त्याने लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये टांगानिकातल्या (आजच्या टांझानियातल्या) गाडीतून होणाऱ्या सिंहांच्या हत्येवर कडक शब्दांत लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ही शिकार नाहीच, ही कत्तल आहे, आणि सरकारने ती थांबवली पाहिजे. लंडनच्या वर्तमानपत्रात बभ्रा झाला की वसाहतीच्या सरकारला हालचाल करावी लागते. १९२९ मध्ये सेरेंगेटीच्या भागात राखीव क्षेत्र झालं. पुढे १९५१ मध्ये तिथेच राष्ट्रीय उद्यान झालं.

पण फिंच हॅटनच्या डोक्यात आणखी एक गोष्ट आली होती, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. सिंह गाडीला घाबरत नाही, म्हणून त्याला मारणं सोपं आहे. बरोबर? मग त्याच कारणाने त्याचा फोटो काढणंही सोपं आहे! त्याने स्वतः कॅमेरा हातात घेतला आणि पाहुण्यांनाही त्या वाटेला लावलं. १९३० मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स परत आला तेव्हा बंदुकीइतकाच कॅमेराही चालला. आज जगभर चालणाऱ्या फोटो-सफारीची एक सुरुवात इथेही, याच माळरानावर सापडते.

फिंच हॅटन १४ मे १९३१ रोजी वोई इथे स्वतःच्या छोट्या विमानाच्या अपघातात गेला. वरून हत्तींचे कळप शोधता येतील का, हे तो तेव्हा अजमावून बघत होता. माणूस किती गुंतागुंतीचा असतो बघा: गाडीतून गोळी झाडायला विरोध, पण विमानातून हत्ती शोधायला सुरुवात.

दोनशे यार्ड का?

८ नोव्हेंबर १९३३ रोजी लंडनमध्ये एक आंतरराष्ट्रीय करार झाला. विषय मुख्यतः आफ्रिकेतल्या वन्यप्राण्यांचं आणि वनस्पतींचं रक्षण. त्यातल्या दहाव्या कलमाने मोटारगाड्या आणि विमानं वापरून प्राणी मारायला, पकडायला, हाकलायला बंदी घातली.

आणि पूर्व आफ्रिकेच्या शिकारनियमांत एक आकडा बसला: दोनशे यार्ड. म्हणजे साधारण १८३ मीटर. गोळी झाडायच्या आधी शिकाऱ्याने गाडीपासून इतकं लांब गेलंच पाहिजे. टांझानियात परवान्याच्या शिकारीत आजही २०० मीटरचा नियम आहे. शेजारच्या केनियाने १९७७ मध्ये शिकारच बंद केली, तेव्हा तिथे प्रश्नच मिटला.

आता, दोनशेच का? विचार करून बघा.

दोनशे यार्ड म्हणजे दोन फुटबॉल मैदानं एकापुढे एक ठेवा, जवळपास तेवढं. इतकं चालल्यावर तीन गोष्टी होतात. एक, प्राण्याला तुम्ही दिसता. गाडीच्या धुडातून बाहेर पडून तुम्ही परत ‘माणूस’ होता, आणि त्याला पळून जायची संधी मिळते. दोन, वारा. तुमचा वास त्याच्यापर्यंत पोचू शकतो, म्हणून तुम्हाला वाऱ्याची दिशा बघून, आडोसा घेत जावं लागतं, म्हणजे काहीतरी यायला लागतं. आणि तीन, सगळ्यात मोठी गोष्ट: धोका परत येतो. गोळी चुकली, जखमी सिंह अंगावर आला, तर पळून गाडीत बसता येणार नाही. सिंह ते अंतर तुमच्या कितीतरी आधी कापेल.

म्हणजे हा नियम मुळात अंतराचा नाहीये. तो म्हणतो, तुला जीव घ्यायचा असेल तर स्वतःचाही थोडासा पणाला लाव.

१९३४ मध्ये नैरोबीच्या नॉरफोक हॉटेलात धंदेवाईक शिकाऱ्यांनी आपली संघटना काढली. तिचे अध्यक्ष झाले फिलिप पर्सिव्हल. याच पर्सिव्हल यांच्याबरोबर १९३३-३४ च्या हिवाळ्यात एक तरुण अमेरिकी लेखक शिकारीला आला होता: अर्नेस्ट हेमिंग्वे. त्याने १९३६ मध्ये ‘द शॉर्ट हॅपी लाइफ ऑफ फ्रान्सिस मॅकोम्बर’ ही कथा लिहिली. त्यात श्रीमंत अमेरिकी जोडपं, त्यांचा इंग्रज शिकारी, आणि रानरेड्यांचा गाडीने केलेला पाठलाग आहे. पाठलाग झाल्यावर बायको सहज विचारते, हे नैरोबीत कळलं तर काय होईल? आणि शिकाऱ्याला कबूल करावं लागतं की त्याचा परवाना जाईल. त्या क्षणी तिच्या हातात त्याची शेंडी येते. कथेची शेवटची गोळी कुठून सुटते माहितीये? गाडीतून. ज्यांनी वाचली नाही त्यांना यापुढे सांगत नाही.

सांगायचा मुद्दा, हा नियम तेव्हा कागदावर पडून नव्हता. तो मोडला की लाज वाटावी, इतका लोकांच्या मनात होता. आणि तरी मोडला जात होता.

नियमाची दुसरी बाजू

आता थोडं कडू. त्याच १९३३ च्या कराराच्या त्याच कलमात आणखी काय आहे? विष, स्फोटकं, डोळे दिपवणारे दिवे, जाळी, खड्डे, फास, यांच्यावरही रोख. वाचताना वाटतं, छानच की. पण यातल्या अर्ध्या गोष्टी कुणाच्या होत्या? विषारी बाण, खड्डा, फास ही तिथल्या गावकऱ्यांची, पोटासाठी शिकार करणाऱ्यांची साधनं होती. दूरवर मारा करणारी रायफल मात्र यादीत नव्हती. ती साहेबाची.

म्हणजे परवान्याचे पैसे भरून, दोनशे यार्ड चालून, रायफलने सिंह मारणारा ‘खेळाडू’. आणि दहा मैल चालून, विषारी बाणाने हत्ती मारून गावाला मांस देणारा ‘चोरटा शिकारी’. चालण्याचंच माप लावायचं तर कोण जास्त चालला?

याचा अर्थ दोनशे यार्डांचा नियम वाईट होता असं नाही. पण न्यायाचा नियम कोण लिहितं, यावर त्यात कोणाचा न्याय बसतो हे ठरतं. आपल्याकडेही हेच. फासेपारधी समाज पिढ्यान्‌पिढ्या पायी हिंडून, फास लावून तितर आणि हरणं धरायचा. रानाची त्यांच्याइतकी ओळख कुणाला नव्हती. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आणला, आणि पारध्यांवर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का बसला. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये संपला. शिक्का पुसला गेला का, हे ज्यांना माहितीये त्यांना माहितीये.

बैलगाडी, चित्ता आणि कोल्हापूर

तर आता आपल्या मातीत येऊ. गाडीच्या आडून शिकार ही मोटारीची देणगी नाही. ती आपल्याकडे खूप जुनी आहे, फक्त गाडी बैलांची होती.

चित्त्याकडून काळवीट मारवण्याची शिकार तुम्ही ऐकली असेल. मुघलांच्या काळात तिची मोठी शान. नंतर संस्थानिकांनी ती चालू ठेवली, आणि त्यात कोल्हापूरचं नाव फार वरचं. छत्रपती शाहू महाराजांना चित्त्याच्या शिकारीचा शौक होता. चित्त्यांना माणसाळवून तयार करणारी जाणकार माणसं दरबारी होती.

यातली अडचण समजून घ्या. चित्ता जगातला सगळ्यात वेगवान धावणारा प्राणी, पण त्याचा दम फार थोडा. काही शे मीटर जीव तोडून पळाला की संपलं. काळवीट मोकळ्या माळावर, लांबूनच माणूस बघून पसार होणारं. मग चित्त्याला पुरेसं जवळ न्यायचं कसं? उत्तर: बैलगाडी. शेतात, माळावर रोज बैलगाड्या बघून काळविटांची भीड चेपलेली. म्हणून डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीत बसवायचा, गाडी सरळ न नेता तिरकी तिरकी कळपाच्या जवळ न्यायची, आणि योग्य अंतरावर टोपी काढायची.

बघा, तीच युक्ती. सेरेंगेटीच्या सिंहाला फोर्ड ओळखीची नव्हती म्हणून तो फसला. इथल्या काळविटाला बैलगाडी फार ओळखीची होती म्हणून ते फसलं.

पुढे भारतात रानातला चित्ताच मिळेनासा झाला. पिंजऱ्यात चित्त्यांची वीण होत नसे, म्हणून प्रत्येक चित्ता रानातूनच धरावा लागायचा. वर माळरानं शेतीखाली गेली, काळविटं कमी झाली, शिकार चालू राहिली. मग कोल्हापूर, भावनगर यांसारख्या संस्थानांनी चक्क आफ्रिकेतून चित्ते मागवले. १९१८ ते १९४५ या काळात अंदाजे दोनशे चित्ते असे समुद्र ओलांडून आले. म्हणजे कुनोत २०२२ मध्ये नामिबियाहून आलेले आठ चित्ते हे भारतात आलेले पहिले आफ्रिकी चित्ते नव्हेत. त्यांचे भाऊबंद त्याआधी कोल्हापुरात राहून गेले होते.

१९४७ ची एक रात्र

आणि आता तो प्रसंग. कोरिया नावाचं एक संस्थान होतं, आजच्या छत्तीसगडमध्ये. १९४७ साली तिथले महाराज रामानुज प्रताप सिंह देव रात्री गाडीने निघाले होते. वाटेत तीन चित्ते एकत्र बसलेले दिसले. तिन्ही नर, बहुधा एकाच विणीचे. महाराजांनी तिन्ही मारले. त्यांच्याकडून आलेल्या टिपणात असं होतं की दुसरी गोळी एका चित्त्यातून आरपार जाऊन मागच्यालाही लागली. म्हणजे दोन गोळ्या, तीन चित्ते.

हे टिपण आणि फोटो मुंबईला, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवले गेले. १८८३ पासून मुंबईत काम करणारी ही आपली संस्था. तिच्या नियतकालिकात ते छापलं गेलं, पण खाली संपादकांची टीप जोडून. तिचा सूर असा होता की वाचून इतका संताप आला की हे कचऱ्याच्या टोपलीत टाकावंसं वाटलं. नामशेष व्हायला आलेला प्राणी, तोही रात्री, गाडीतून मारावा, याचा निषेध नोंदवण्यासाठीच ते छापत आहोत.

भारतातल्या रानटी चित्त्याची ही शेवटची खात्रीशीर नोंद मानली जाते. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं.

मी असं म्हणत नाही की महाराज गाडीतून उतरून दोनशे यार्ड चालले असते तर चित्ता वाचला असता. तो आधीच काठावर होता, आणि त्याला तिथपर्यंत ढकलणारे खूप जण होते. पण त्या रात्रीपुरता विचार करा. अंधार. उतरून चालत गेलं असतं तर पहिल्या पावलांच्या आवाजाला तिन्ही उठून गेले असते. चित्ता माणसाच्या वाटेला जात नाही, तो पळतो. गाडीने त्यांचं पळणं काढून घेतलं.

स्वतंत्र भारताने १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा केला. तेव्हा परवान्याने काही शिकार करता येत होती, पण चाकाच्या किंवा यंत्राच्या वाहनातून शिकार करायला त्यात स्पष्ट मनाई होती. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच संपली. आपल्याकडे आता अंतराचा प्रश्नच नाही. असं वाटतं, नाही का?

आता आपण गाडीत

आता ताडोबाच्या गेटवर या. जिप्सीत बसल्यावर गाइड पहिली सूचना काय देतो? खाली उतरायचं नाही. शंभर वर्षांत नियम पूर्ण उलटा झाला. तेव्हा कायदा म्हणायचा, गाडीपासून लांब जा. आता म्हणतो, गाडी सोडू नका. कारण हातातलं हत्यार बदललं. बंदूक असेल तर गाडी हा अन्याय. कॅमेरा असेल तर गाडी हा सगळ्यांच्या सुरक्षेचा मार्ग.

पण खरंच इतकं सरळ आहे? ३१ डिसेंबर २०२४ रोजी आपल्याच विदर्भात, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिची पिल्लं पर्यटकांच्या गाड्यांच्या मध्ये अडकली. दोन्ही बाजूंना जिप्सी, हातांत मोबाइल. व्हिडिओ सगळीकडे फिरला, तुम्हीही पाहिला असेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

तो व्हिडिओ बघताना मला १९३३ च्या कराराचं ते दहावं कलम आठवलं. मघाशी मी ते अर्धंच सांगितलं होतं. गाडीने प्राणी मारायला, पकडायला, हाकलायला बंदी, इतकंच त्यात नाही. गाडीने त्यांना बिथरवायला, त्रास द्यायला कुठल्याही कारणासाठी बंदी, आणि पुढे खास लिहिलंय: फोटो काढणं आणि चित्रीकरण करणंसुद्धा त्यात आलं. १९३३ साली! मोबाइल तर सोडाच, रंगीत फोटोही तेव्हा दुर्मीळ होता. तरी कुणाच्या तरी लक्षात आलं होतं की कॅमेरावाला माणूस आपोआप सज्जन होत नाही.

म्हणून शेवटी परत सुरुवातीच्या प्रश्नाकडे. शिकाऱ्याने गाडीपासून किती लांब जावं? हाडझा म्हणेल, जिथे पोट भरेल तिथवर, आणि परत यायचं बळ उरेल तिथवर. रूझवेल्टचा हमाल म्हणेल, साहेब, जरा जवळच मारा. फिंच हॅटन म्हणेल, इतकं लांब की त्या जनावराला निर्णय घ्यायला वेळ मिळेल.

मला फिंच हॅटनचं उत्तर आजही कामाचं वाटतं, फक्त आपल्याला ते उलटं लावायचंय. आपण गाडीतून उतरू शकत नाही, तर निदान गाडी तरी मागे ठेवू शकतो. वाघाला रस्ता ओलांडायचा असेल तर समोरची वाट मोकळी ठेवायची. ड्रायव्हरला ‘अजून पुढे घ्या ना, एक्स्ट्रा देतो’ म्हणायचं नाही. तो नाही म्हणू शकत नाही, त्याचं पोट त्यावर आहे. मघाशी म्हटलं होतं ना, लांब जाण्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजतं. जवळ जाण्याची किंमतही तशीच. फोटो आपला, निलंबन ड्रायव्हरचं, आणि धसका त्या पिल्लांचा.

पुढच्या वेळी जंगलात गेलात आणि वाघ दिसला, तर एकदा एवढंच बघा: त्याला इथून जायचं असेल तर जाता येईल का? येत असेल, तर आपलं अंतर बरोबर आहे.

आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या भागात भेटू. तोवर चालत राहा.